नाव बदललं आहे

बातमीत, अहवालात, एखाद्या मुलीच्या कहाणीत नावापुढे कंसात तीन शब्द असतात: नाव बदललं आहे. वाचणारा ते वाचतो आणि पुढे जातो. माझं काम त्या कंसात सुरू होतं. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत बालहक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेत मी संवादाचं काम पाहते. म्हणजे गावात ऐकायचं, जिल्ह्याच्या ठिकाणी लिहायचं आणि मुंबईत कुणीतरी ते वाचेल अशी तजवीज करायची. अकोल्याची आत्या एकदा म्हणाली, "म्हंजे तू करतं तरी काय वं?" तिला सांगितलं, लेकरांचं म्हणणं जिथे निर्णय होतो तिथवर नेऊन पोचवते. ती म्हणाली, "मंग लेकरायलेच सोबत नेत जाय ना."

आत्याच्या त्या बोलण्याचा मी फार विचार केला आहे. लेकरांना सोबत नेता येत नाही, म्हणून तर माझ्यासारखीची गरज पडते. त्यांचं नाव, चेहरा, गाव मागे ठेवून फक्त म्हणणं पुढे न्यायचं असतं. पण लेकरांना मागे ठेवण्याची काही कारणं त्यांच्या हिताची असतात आणि काही आपल्या, मोठ्यांच्या सोयीची. दोन्ही कारणं लांबून सारखीच दिसतात. ती वेगळी ओळखता येणं, यातच माझं सगळं काम आलं असं मला वाटतं.

हिताचं कारण कायद्यात लिहिलेलं आहे. बाल न्याय अधिनियम 2015 मधलं कलम 74 आणि पोक्सो कायदा 2012 मधलं कलम 23. संकटात सापडलेल्या किंवा अत्याचार सोसलेल्या लेकराचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ज्यातून ते ओळखू येईल असा कोणताही तपशील छापायचा नाही. कलम 74 मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही कलमं मला प्रिय आहेत. गावाची स्मृती किती लांब असते हे ज्याने पाहिलं आहे, त्याला ती प्रिय असणारच. अकोल्याच्या बाजारात कापूस विकायला आलेला माणूस वीस वर्षांपूर्वीची गोष्ट काल घडल्यासारखी सांगतो, आणि त्या गोष्टीतली मुलगी आता दोन लेकरांची आई होऊन शेजारच्याच गावी नांदत असते.

तरीही नाव बदलणं सोपं नाही. मेळघाटातल्या कास्देकरांच्या किंवा जांबेकरांच्या मुलीला मी देशमुखांची करू शकत नाही. ती कोरकू आहे, शाळेतली पहिलीची भाषा तिच्या घरची भाषा नाही, तिच्या पाड्यापासून धारणीचं रुग्णालय घाटवळणांच्या पलीकडे आहे. नाव बदलताना हे सगळं पुसलं गेलं तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती एक सर्वसाधारण मुलगी उरते, आणि सर्वसाधारण मुलीसाठी सर्वसाधारण योजना आधीच असते. म्हणून मी अंगणवाडीच्या सेविकेला विचारते, तुमच्यात मुलींची नावं कोणकोणती असतात? आणि या गावात कुणाचंच नाही असं कोणतं? ती हसत हसत आठवते, एकेक नाव बाद करते. त्यात कधी तासही जातो. तो तास मला कधी वाया गेलासा वाटला नाही.

शिवाय चाळीस घरांच्या गावात नुसतं नाव बदलून काय होतं? बाप गावातल्या एकुलत्या पिठाच्या गिरणीवर कामाला, एवढं लिहिलं की सगळं गाव समजतं. तिथे मी गिरणी काढते आणि भूक ठेवते. पण शाळा सातवीलाच संपते, आठवीची शाळा नाल्यापलीकडे आहे आणि नाल्यावर पूल नाही, हे काढता येत नाही. तेच तर सांगायचं आहे. मग गाव काढायचं आणि नाला ठेवायचा. लेकरू झाकलं गेलं पाहिजे, पण ज्याने त्याला गाठलं ते कारण झाकलं जाता कामा नये. शहरातून आलेली तरुण मुलं-मुली आमच्याकडे काम शिकायला येतात तेव्हा कहाणी रंगवायला शिकून आलेली असतात. मी त्यांना आधी खोडायला बसवते.

पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्यातल्या एका गावात एका मुलीने स्वतःचं लग्न मोडलं. त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट, गोडं पाणी लांबून आणायचं, आणि ते आणण्याचं काम मुलींचं. शाळेत तिची गैरहजेरी आधी पाण्यामुळे वाढली, मग लग्नामुळे शाळा सुटणार होती. तिने 1098 या क्रमांकावर फोन लावला. हा क्रमांक 1996 मध्ये मुंबईत सुरू झाला तेव्हा तो रस्त्यावरच्या मुलांसाठी होता. आज तो खेड्यातल्या मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर असतो. ग्रामसेवक आले. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात तर अक्षयतृतीयेचं नाव घातलेलं आहे. त्या दिवशी सामुदायिक लग्नं लागतात, म्हणून अशा मुहूर्तांना खुद्द जिल्हाधिकाऱ्याला प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकार दिले आहेत. देशाच्या कायद्याला एका तिथीची दखल घ्यावी लागते, इतकी ती तिथी मुलींच्या आयुष्यात खोल गेली आहे. म्हणून अक्षयतृतीयेच्या महिनाभर आधी आम्ही लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे, मंडपवाल्यांकडे, बँडवाल्यांकडे जातो. भाषणं देत नाही. जन्मतारखेचा दाखला पाहून मगच काम घ्या, एवढंच छापलेला एक कागद त्यांच्या दुकानात लावून येतो.

त्या मुलीची गोष्ट मी लिहिली. नाव अर्थात बदललं. लग्नाच्या उंबरठ्यावरचं लेकरू कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं लेकरू ठरतं. तिने ते वाचलं आणि विचारलं, "ताई, लग्न मोडलं म्याच. मंग कागदावर दुसरीचं नाव कायले?"

मी तिला कायदा समजावून सांगितला, आणि माझं उत्तर बरोबर होतं. तिचा प्रश्नही बरोबर होता. जिच्यावर अन्याय झाला तिचं नाव झाकायचं हे समजतं, पण जिने धाडस केलं तिचंही नाव त्याच कंसात जातं. ती अठराची झाली. पुढच्या ग्रामसभेत ती उभी राहिली आणि स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही खणखणीत सांगून मग बोलायला लागली. बारावीच्या मुलींसाठी सकाळची बस हवी होती तिला. लग्नाचा विषय तिने काढलाच नाही.

आता सोयीची कारणं.

वऱ्हाडात शेतकऱ्याने जीव दिला की फोटो काढणारे येतात. ओसरी, हार घातलेली तसबीर, डोक्यावरून पदर घेतलेली बाई आणि तिला बिलगलेली लेकरं. इथे मात्र नाव बदललं जात नाही, चेहरा झाकला जात नाही. लेकरू दुःखाचा पुरावा म्हणून उभं असतं. असा एक मुलगा मोठा होऊन अकोल्यात शिकायला आला. त्याने जपून ठेवलेलं कात्रण मला दाखवलं. त्यात तो पाच-सहा वर्षांचा, डोळे मिटून चेहरा वेडावाकडा केलेला. त्याच्या फोटोखाली आक्रोश, टाहो असे शब्द होते. तो म्हणाला, "ताई, मी रडून नव्हतो राह्यलो. मले तोंडावर ऊन येत होतं." मग थोडं थांबून म्हणाला, "रडलो मी मंग. पण ते लय दिवसांनी. तवा कोणी नव्हतं."

लय दिवसांनी येणारं ते रडणं कुणाच्याच बातमीत बसत नाही. 19 मार्च 1986 हा दिवस महाराष्ट्र पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून लक्षात ठेवतो; यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांच्या आठवणीत त्या दिवशी अनेक जण अन्नत्याग करतात. 1986 च्या त्या दिवशी त्यांच्यासोबत त्यांची पत्नी आणि चार लेकरंही गेली. त्या लेकरांनी आत्महत्या केली नव्हती. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत या विषयावर किती बोललं गेलं: कर्ज, कापसाचा भाव, मदतीला पात्र की अपात्र, 2006 पासूनची एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. हे सगळं बोलायलाच हवं. पण त्या घरातलं सातवीतलं पोर पुढच्या जूनमध्ये शाळेत गेलं का, हे विचारणारी चर्चा मी फार थोडी ऐकली आहे.

बोलायला जागा आहे. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत, बाप गेलेल्या किंवा आई गेलेल्या लेकराला त्याच्या घरातच वाढता यावं म्हणून महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात, आदेश बालकल्याण समितीचा. पण विधवा बाईला ही योजना माहीत नसते, आणि माहीत झाली तरी कागदांची रांग पाहून ती परत फिरते: मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासाचा, शाळेचा, आधार, बँकेचं पुस्तक. त्यातच एक कागद म्हणजे घरासमोर लेकरासोबत काढलेला फोटो. मी यासाठी पहिल्यांदा माहितीपत्रक केलं तेव्हा या फोटोपाशी अडखळले. पण बायकांना त्याचं काही वाटलं नाही. त्या लेकरांना अंघोळ घालतात, तेल लावून केस विंचरतात, धाकटीला दिवाळीचा फ्रॉक घालतात आणि दारात ताठ उभ्या राहतात. तोच दरवाजा, तीच बाई, तीच लेकरं. हा फोटो कुणी त्यांच्याकडून घेतलेला नसतो, त्यांनी तो हक्काने काढून घेतलेला असतो. कात्रणातल्या फोटोहून तो किती निराळा दिसतो हे एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहावं.

माणसाला उघडं न पाडता त्याचं दुःख चव्हाट्यावर मांडण्याची कला वऱ्हाडला नवी नाही. 1876 मध्ये शेंडगावात जन्मलेला डेबूजी बाप गेल्यावर मामाच्या घरी दापुऱ्याला वाढला. गुरं राखली, शेत राखलं, शाळा पाहिली नाही. तोच पुढे गाडगेबाबा झाला. त्यांच्या कीर्तनाबद्दल जुन्या माणसांकडून ऐकावं. ते प्रश्न विचारत आणि लोकांकडून उत्तर काढून घेत. देव पाणी पितो का, बकरं मागतो का, सावकाराच्या वहीत काय लिहिलं ते तुला वाचता येतं का? समोरचा समुदाय एका आवाजात उत्तर देई, आणि उत्तर देता देता आपणच आपल्याविरुद्ध साक्ष दिली हे त्याच्या ध्यानात येई. कुणाचं घर त्यांनी नावानिशी उघडं केलं नाही, आणि एकही घर सुटलं नाही. घरातलं भांडं विकावं लागलं तरी चालेल पण पोराला शाळेत घाला, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. मला त्यात दर वेळी मामाच्या गुरांमागे फिरणारा पोरगा ऐकू येतो. शाळा न मिळालेलं ते लेकरू ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या तोंडून बोलत होतं. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांचा देह पडला. संवादाचे अभ्यासक्रम आता विद्यापीठात शिकवले जातात, ते असावेतच. पण या कामात येणाऱ्या प्रत्येकाने त्या कीर्तनांच्या नोंदी वाचाव्यात असा माझा आग्रह असतो.

अमरावतीहून मेळघाटाकडे निघालं की परतवाडा लागतं, आणि त्या भागात सातपुड्याच्या पायथ्याला वझ्झर आहे. शंकरबाबा पापळकर हे मूळचे लिहिण्या-छापण्याच्या क्षेत्रातले. गाडगेबाबांच्या विचाराने चालणारं 'देवकीनंदन गोपाला' नावाचं नियतकालिक ते काढत. नव्वदच्या दशकात त्यांनी वझ्झरला बालगृह उभं केलं. रेल्वे स्थानकावर, बसस्थानकावर, उकिरड्यावर टाकून दिलेली, पोलिसांनी पोचवलेली मतिमंद, मूकबधिर, अंध लेकरं तिथे आली. 123 लेकरांच्या कागदपत्रांवर बापाच्या जागी शंकरबाबांचं नाव आहे. ज्यांना नावच नव्हतं त्यांना नाव मिळालं, आणि आडनाव सगळ्यांचं एक, पापळकर. उजाड टेकडीवर त्या लेकरांनीच झाडं लावून वाढवली. तिथे वाढलेली एक अंध मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली तेव्हा तिचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, आणि ते बदलण्याची कुणालाच गरज पडली नाही.

शंकरबाबांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. पण ते जे मागत आले आहेत ते दुसरंच आहे. अठरा वर्षं पूर्ण झाली की लेकराला बालगृह सोडावं लागतं. कायदा पुढे अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय सांगतो, तीही काही वर्षांपुरती. ज्या मुलीला स्वतःचं जेवण ताटात घेता येत नाही तिने अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचं? बेवारस दिव्यांग मुलांना त्याच ठिकाणी आजन्म राहता यावं असा कायदा करा, ही त्यांची मागणी आहे आणि ती त्यांनी दर व्यासपीठावर मांडली आहे. या मुली मोर्चा काढू शकत नाहीत, निवेदन देऊ शकत नाहीत. यांच्यासाठी दुसऱ्याने बोलण्यावाचून इलाज नाही. नियतकालिक काढणारा माणूस बाप झाला, आणि मग बाप म्हणून कायदा मागू लागला. आमच्या क्षेत्रात त्याच्याइतकं सरळ काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

वझ्झर मागे टाकून घाट चढला की सेमाडोह, हरिसाल, मग धारणी. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशात सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रात तिची सुरुवात दोन ठिकाणी झाली: मुंबईत धारावी आणि इथे धारणी. म्हणजे देशातल्या अगदी पहिल्या अंगणवाड्यांपैकी काही याच डोंगरात उघडल्या. आणि 1993 मध्ये याच डोंगरातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. शीला बारसे यांनी त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेणाऱ्या त्या पत्रकार. त्यांच्याच याचिकेवर 1986 मध्ये न्यायालयाने देशभरच्या तुरुंगांतल्या मुलांची दखल घेतली होती. बातमी छापून झाल्यावर तिच्यामागे न्यायालयापर्यंत चालत जाणं, हा आमच्या कामाचा त्यांनी घालून दिलेला धडा आहे. 1995 मध्ये शासनाने आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आणली.

तेव्हापासून दर पावसाळ्यात कॅमेरे मेळघाटात येतात. हाडाला कातडं चिकटलेलं एक लेकरू शोधतात. कुपोषण एवढा एक शब्द लिहितात. पण डोंगरात लेकरू एका कारणाने मरत नाही. आईचं लग्न लवकर झालेलं, अंगात रक्त कमी, दोन बाळंतपणांत अंतर नाही. दिवाळीनंतर अख्खं घर मजुरीसाठी खाली मैदानात उतरतं आणि होळीला परततं, त्या महिन्यांत अंगणवाडीच्या वहीत लेकरांचं वजन नाही. बाळ दोन किलोच्या आतबाहेर जन्मतं. मग श्रावणातली ओल, न्यूमोनिया, जुलाब, आणि भरून वाहणारा नाला. कधी पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचा डंबा, म्हणजे चटका, दिला जातो. तो देणाऱ्या आजीलाही बाळ वाचवायचंच असतं. एवढी साखळी एका शब्दात कोंबली की सगळे सुटतात. शिधा वाटला, काम झालं.

मला मात्र सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती एका रकान्यातली नोंद. बाळ जन्मलं, दोन-चार तास श्वास घेतला आणि गेलं. वहीत लिहिलं जातं: उपजत मृत. म्हणजे ते जन्मलंच नाही. बालमृत्यूच्या आकड्यात ते येत नाही, कुणाला जाब द्यावा लागत नाही. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 13 संस्थांनी गावोगाव, घरोघर जाऊन मृत्यू मोजले आणि 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. महाराष्ट्रात वर्षाला लाखावर बालमृत्यू होत असावेत आणि त्यातले बहुतेक सरकारी नोंदीत दिसतच नाहीत, हे त्यातून पुढे आलं. त्या अहवालात रडणारं एकही छायाचित्र नसतं तरी चाललं असतं. कुणी मोजायला दारात आलं, आईला विचारलं, बाळ रडलं होतं का, हात हलवले होते का, आणि तिचं हो हे उत्तर लिहून घेतलं. आकडा कोरडा असतो असं म्हणतात. मला तसं कधीच वाटलं नाही. त्या बाळांना कुणी नाव ठेवण्याआधीच ती गेली होती, नाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता. मोजलं जाणं ही त्यांना मिळालेली एकमेव ओळख होती, आणि त्या मोजण्यातूनच धोरण हललं. गडचिरोलीत डॉक्टर बंगांनी सिद्ध केलेली घरोघरच्या नवजात बाळसेवेची पद्धत 2011 पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा बाळ पाहायला येते. नाव नसलेल्या बाळाच्या दारात सरकार सहा वेळा येतं, हे केवढं मोठं आहे! आणि ती खरोखर आली का हे पाहत राहणं आजही तेवढंच मोठं काम आहे.

गेल्या पावसाळ्यात आजारी बाळाची लक्षणं सांगणारा मजकूर घेऊन मी एका पाड्यावर गेले होते. सोपं मराठी केलं होतं. तिथल्या सेविकेने तो वाचला, बाजूला ठेवला आणि कोरकूत स्वतःच सांगायला लागली. दूध ओढत नाही, छाती आत जाते, अंग गार पडतं. हातांनी करून दाखवत होती. बायका ऐकत होत्या. हातातली मापपट्टी तिने एका बाळाच्या दंडाला लावली, ती लाल रंगावर थांबली. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत. बाळाला धारणीला दाखल करायला हवं, दोन आठवडे. आई तिला कोरकूत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली.

सेविकेने मला सांगितलं, "ते म्हणते, मी जातो. पण घरी दोन लेकरं हायेत, त्यायले कोण पाह्यते? अन रोजी बुडते माही."

नवसंजीवनीत बुडीत मजुरीची तरतूद आहे. लेकरासोबत रुग्णालयात राहणाऱ्या आईबापाला तेवढ्या दिवसांची भरपाई. मी ते सांगितलं. सेविकेने कोरकूत सांगितलं. आईने एकच विचारलं, आणि ते मला भाषांतराविना कळलं, कारण त्यात पैसा हा शब्द होता आणि तिने बोटाने आजचा दिवस दाखवला होता.

ती बाळाला घेऊन गेली. दोन लेकरं सेविकेने आपल्या घरी ठेवून घेतली. रात्री मी जिल्ह्याच्या बैठकीसाठी टिपण लिहायला घेतलं. टिपणाला वरती आकडे द्यायची आमची पद्धत आहे. या वेळी पहिल्या ओळीत मागणी लिहिली: बुडीत मजुरी दाखल होण्याच्या दिवशीच हातात मिळावी, पहिला हप्ता तरी. दुसऱ्या ओळीत, मागे राहणाऱ्या लेकरांची सोय कुणी करायची ते ठरवावं. सेविकेने ते वाचलं आणि म्हणाली, "नाल्याले पूर असते तवा धारणीले नेणार कोण, हे बी लिहा." तिसरी ओळ ती झाली. खाली पाड्याचं नाव लिहिलं, बाळाचं लिहिलं नाही.